झाडाखालची बैठक: १८८२ आणि १८८४ च्या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचताना

विजेच्या दिव्यांनी सजवलेलं पहिलं ख्रिसमस झाड कोणाचं, हा प्रश्न क्विझमध्ये विचारण्याजोगा आहे आणि त्याचं उत्तरही ठरलेलं आहे. एडवर्ड हिबर्ड जॉन्सन, न्यूयॉर्क, डिसेंबर १८८२. हा एडिसनचा जुना सहकारी आणि त्याच्या वीज कंपनीचा उपाध्यक्ष. झाडावर ऐंशी दिवे. लाल, पांढरे, निळे, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याचे रंग. बहुतेक लेख इथे थांबतात. फार तर ‘त्याआधी लोक झाडावर मेणबत्त्या लावत आणि घरांना आगी लागत’ एवढं एक वाक्य जोडलेलं असतं.

मला आज दिव्यांबद्दल कमी आणि झाडाखाली जे होतं त्याबद्दल जास्त लिहायचंय. कारण ते झाड फिरत होतं. मिनिटाला साधारण सहा फेरे. आता ज्याने कोणी घरच्या गणपतीच्या मागे फिरतं रंगीत चक्र बसवलंय, किंवा मंडळाच्या हलत्या देखाव्यात हात काळे केलेत, त्याला लगेच कळेल की दिवे लावणं हा सोपा भाग आहे. खरी डोकेदुखी बैठकीची. फिरणाऱ्या वस्तूपर्यंत वीज न्यायची कशी? सरळ वायर जोडली तर तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला ती खोडाभोवती गुंडाळली जाणार आणि तुटणार. जॉन्सनने हा प्रश्न सोडवला होता. आणि तो कसा सोडवला हे बघायला गेलं की सगळ्यांनी उद्धृत केलेल्या त्या बातमीतच काही गोष्टी खटकायला लागतात.

पीएचडीच्या मुलाखतीत ‘तुमचा रिसर्च गॅप काय?’ असं विचारलं की आपण घाबरतो आणि ‘या विषयावर फारसं काम झालेलं नाही’ असं काहीतरी बोलून जातो. इथे काम झालेलं नाही असं अजिबात म्हणता येत नाही. याच झाडावर भरपूर लिहिलंय. फक्त सगळ्यांची नजर वर आहे. आपण जरा खाली बघू.

आधी पहिला सोर्स. विल्यम ऑगस्टस क्रॉफट नावाचा पत्रकार डेट्रॉइटच्या ‘पोस्ट अँड ट्रिब्यून’साठी न्यूयॉर्कहून लिहायचा. तो जॉन्सनच्या घरी गेला आणि जे पाहिलं ते त्याने कळवलं. त्याच्या वर्णनाचा गोषवारा असा: दिवे अक्रोडाएवढ्या काचेच्या गोळ्यांतले, एकूण ऐंशी, तीन रंगांत जवळपास सारखे वाटलेले. झाड एका छोट्या पाइनच्या लाकडी खोक्यावर फिरतंय. फिरता फिरता रंग बदलतात, प्रत्येक फेऱ्यात दिवे विझतात आणि पुन्हा लागतात. छताला तिरप्या दोन तारा ताणून त्यांवर आणखी अठ्ठावीस दिवे. झाड फिरवणारा दांडा जमिनीखाली लपवलेला, तो विजेवर चालतो. आणि हा सगळा कारभार ‘मुख्य ऑफिसातून’ एका तलम तारेवरून आलेल्या हलक्याशा प्रवाहावर चाललाय.

शेवटच्या वाक्यावर थांबा.

एडिसनच्या कंपनीचं मुख्य ऑफिस तेव्हा ६५, फिफ्थ अव्हेन्यू इथे होतं, चौदाव्या रस्त्याजवळ. जॉन्सनचं घर पूर्व छत्तिसाव्या रस्त्यावर, मरे हिल भागात. मॅनहॅटनमध्ये असे वीस ब्लॉक म्हणजे ढोबळ मानाने एक मैल. म्हणजे ही ‘तलम तार’ मैलाहून लांब असायला हवी. एडिसनची पद्धत डीसी, साधारण ११० व्होल्टची. या पद्धतीची सगळ्यांत मोठी अडचणच ही की अंतर वाढलं की तारेतच वीज वाया जाते. ती वाचवायची तर तांबं जाड करत न्यावं लागतं. पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं तेव्हा वॉल स्ट्रीटच्या आसपासच्या छोट्याशा भागालाच ते वीज पुरवत होतं, तेही रस्ते खणून जमिनीखाली जाड तांब्याचे दांडे टाकून. ‘जॉन्सनचं घर एडिसनच्या वीजपुरवठ्याच्या पहिल्या भागात होतं’ असंही वाक्य तुम्हाला बऱ्याच ठिकाणी सापडेल. नकाशा उघडा. छत्तिसावा रस्ता तिथून मैलोगणती उत्तरेला आहे.

मग क्रॉफट खोटं लिहीत होता का? मला तसं वाटत नाही. सोर्स वाचताना ‘खरं की खोटं’ या प्रश्नाने फार काही हाती लागत नाही. ‘हे वाक्य लिहिणाऱ्याला कुठून मिळालं’ हा प्रश्न जास्त उपयोगी. दिवे किती, रंग कोणते, फेरे किती, खोकं कसलं, हे क्रॉफटने डोळ्यांनी पाहिलं. हे तपशील घट्ट आहेत, मोजलेले आहेत. पण मुख्य ऑफिस ते घर ही तार त्याने पाहिलेली असणं शक्य नाही. त्याने पाहिली असेल ती झाडापाशी आलेली शेवटची काही हात वायर. बाकीचं त्याला कोणीतरी सांगितलं. सांगणारा कोण? घरात यजमान एकच होता, आणि तो कंपनीचा उपाध्यक्ष होता. त्या वाक्यात कंपनीला हवी असलेली गोष्ट जशीच्या तशी आहे: वीज दूर कुठेतरी तयार होते, तुमच्या घरात फक्त एक नाजूक तार येते, धूर नाही, कोळसा नाही, कटकट नाही.

माझ्या एका सीनियरने मला एक सवय लावली, ती इथे उपयोगी पडली. कुठलाही सोर्स वाचताना दोन रंगांची पेन्सिलं घ्यायची. लेखकाने स्वतः पाहिलं असणं शक्य आहे ते एका रंगात, त्याला सांगितलं गेलं असणार ते दुसऱ्या रंगात. क्रॉफटच्या बातमीत दुसऱ्या रंगाच्या रेघा मोजक्याच आहेत, पण सगळ्या विजेच्या उगमापाशी आणि जमिनीखाली आहेत.

आता दुसरा सोर्स. दोन वर्षांनी, डिसेंबर १८८४ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जॉन्सनच्या झाडावर एक छोटी बातमी छापली. तोवर जॉन्सन एडिसन कंपनीचा अध्यक्ष झाला होता. बातमीचं शीर्षक असं की एका इलेक्ट्रिशियनने आपल्या मुलांची करमणूक कशी केली. झाड सहा फुटी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, दिवे एकशे वीस. आणि या बातमीत बैठकीचं वर्णन आहे, तेही चांगलं तपशीलवार. झाडाच्या पायाशी एक छोटा डायनॅमो ठेवला होता. घराच्या तळघरातल्या मोठ्या डायनॅमोतून त्यात वीज सोडली की तो मोटरसारखा चालायचा आणि झाड संथ, एका लयीत फिरायचं. दिवे सहा संचांत विभागलेले. झाडाभोवती तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांना टेकणारी बटणं. झाड फिरेल तसा एका संचाचा संपर्क तुटायचा, दुसऱ्याचा जुळायचा. आधी नुसता पांढरा उजेड, मग लाल आणि पांढरा, मग पिवळा आणि पांढरा. शिवाय दिवे न विझवता झाडाचं फिरणं तेवढं थांबवायची सोयही होती.

दोन्ही बातम्या शेजारी ठेवा. १८८२ मध्ये वीज मुख्य ऑफिसातून येते. १८८४ मध्ये ती तळघरात तयार होते. १८८२ मध्ये फिरवणारं यंत्र जमिनीखाली लपवलेलं. १८८४ मध्ये ते झाडाच्या पायाशी आहे आणि बातमीदाराला ते काय आहे हेही समजावून सांगितलंय. घर तेच, सण तोच, यजमान तोच. दोन वर्षांत लपवलेली गोष्ट दाखवण्याची झाली. का?

माझं उत्तर मोटरमध्ये आहे. डायनॅमोला उलटी वीज दिली की तो मोटर होतो, हे १८७३ च्या व्हिएन्नातल्या प्रदर्शनात ग्रामच्या यंत्रांनी जगाला दाखवलं होतं. पण १८८० च्या सुरुवातीला एडिसनच्या कंपन्या विकत होत्या तो उजेड. मोटर हा धंदा अजून उभा राहायचा होता. १८८३ मध्ये फ्रँक स्प्रेग हा नौदलातला तरुण इंजिनिअर एडिसनकडे आला, तो जॉन्सनच्याच पुढाकाराने. वर्षभरात तो बाहेर पडला आणि १८८४ मध्येच त्याने स्प्रेग इलेक्ट्रिक रेल्वे अँड मोटर कंपनी काढली. तिच्यात जॉन्सन त्याच्या बरोबर होता. त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या वीज प्रदर्शनात स्प्रेगच्या मोटरी मांडलेल्या होत्या. आणि त्याच वर्षीच्या ख्रिसमसला जॉन्सनच्या घरात झाडाच्या पायाशी एक यंत्र ठेवलंय, ज्याच्यात वीज सोडली की ते काम करतं. वर्तमानपत्रवाले बोलावलेत, आणि त्यांना नेमकं हेच समजावलंय. १८८२ च्या झाडाने उजेड विकला. १८८४ चं झाड उजेडाबरोबर गतीही विकत होतं, आणि गती होती बैठकीत.

जॉन्सन हा हाडाचा सादरकर्ता होता हेही लक्षात घ्या. १८७८ मध्ये फोनोग्राफ नवा होता तेव्हा तो घेऊन गावोगावी प्रयोग करून दाखवणारा हाच. लोकांना काय आधी दाखवायचं आणि काय झाकून ठेवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

‘न्यूयॉर्कच्या पेपरांनी १८८२ च्या झाडाकडे जाहिरातबाजी म्हणून दुर्लक्ष केलं’ असं एक वाक्य लेखालेखांत फिरत असतं. ते तुमच्या प्रबंधात घेण्याआधी एक विचार करा. ‘अमुक छापलं नाही’ हे विधान सिद्ध करायला त्या आठवड्याचे शहरातले सगळे पेपर चाळावे लागतात. एक बातमी सापडली तर ‘छापलं’ सिद्ध होतं. ‘छापलं नाही’ला कष्ट पडतात. आणि दुर्लक्षाचं कारण सांगायचं तर संपादकाच्या मनात शिरावं लागतं. असली वाक्यं एकमेकांकडून उचलली जातात. पाहुण्याने आणलेल्या मिठाईच्या डब्यासारखी घराघरांतून फिरतात, उघडून कोणी बघत नाही.

आता थोडं हातकाम. तांब्याच्या पट्ट्या आणि बटणं म्हणजे नेमकं काय, हे नुसतं वाचून मला डोळ्यांसमोर येईना. इतिहासात आता पुनर्रचना ही मान्य पद्धत आहे: जुन्या वर्णनावरून वस्तू पुन्हा करून बघायची आणि वर्णनात काय सांगायचं राहिलंय ते शोधायचं. म्हणून ही बैठक घरी करून बघितली. तुम्हालाही करता येईल, खर्च फार नाही. एक जुना पाट. त्याला मधोमध भोक पाडून त्यातून इंचभर जाडीचा पीव्हीसी पाइप उभा, खाली बेअरिंग. फिरवायला बारा व्होल्टची, दहा आरपीएमची गिअर मोटर. व्होल्टेज थोडं कमी दिलं की मिनिटाला सहा फेऱ्यांवर येते. पाइपच्या खालच्या बाजूला दोन कडी तांब्याच्या टेपची. एक अखंड. दुसरं कडं सहा तुकड्यांत कापलेलं, दोन तुकड्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट. अखंड कड्याला सहाही माळांची एकेक वायर जोडलेली, आणि सहा तुकड्यांना त्यांची दुसरी वायर, एका तुकड्याला एक. पाटावर दोन स्थिर पट्ट्या (सेलच्या डब्यातल्या लवचीक पत्र्याच्या) अशा बसवल्या की एक अखंड कड्याला घासत राहते आणि दुसरी तुकड्यांना. या दोन पट्ट्यांना अडॅप्टरचे प्लस-मायनस. माळा एलईडीच्या, वीस-वीस दिव्यांच्या. सगळं बारा व्होल्टवर ठेवा. घरातली २३० व्होल्टची वीज उघड्या तांब्यावर आणायची नाही, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहितो.

मिक्सर उघडून बघितलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. मिक्सर बंद पडला की दुकानदार ‘कार्बन गेलेत’ म्हणतो, ते कार्बन म्हणजे याच घासणाऱ्या पट्ट्या, आणि आतलं तुकड्यातुकड्यांचं तांब्याचं कडं म्हणजे कम्युटेटर. जॉन्सनने काय केलं तर डायनॅमोच्या पोटातला भाग मोठा करून झाडाच्या खोडावर चढवला. झाडच एका अर्थी यंत्राचा फिरता भाग झालं.

चालू केल्यावर पहिल्या मिनिटातच एक गोष्ट कळली, जी बातमी चार वेळा वाचूनही जाणवली नव्हती. खालची पट्टी स्थिर आहे. त्यामुळे पट्टीच्या दिशेला जो तुकडा येईल त्याचीच माळ लागते. झाड फिरतं, माळा फिरतात, पण उजेड जागेवरच राहतो: नेहमी समोर. टाइम्सच्या बातमीतही एका वेळी एक संच ‘समोर’ लागायचा असं आहे. तो शब्द मी नुसता वाचून पुढे गेलो होतो. आता त्याचा अर्थ असा दिसतो की ही बैठक एका ठरावीक जागी बसलेल्या प्रेक्षकासाठी बांधली आहे. जर्मन-अमेरिकन घरांतलं जुनं मेणबत्त्यांचं झाड सगळ्या बाजूंनी सारखं असायचं, घरचे त्याच्या भोवती उभे राहायचे. या झाडाला पुढची आणि मागची बाजू आहे. मागे उभं राहिलात तर समोरच्या उजेडाची नुसती आभा. म्हणजे रंगमंचच.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एकशे वीस दिवे सहा संचांत. संच सारखे धरले तर एका वेळी जळणारे दिवे वीसच. पाहणारा एकशे वीस मोजतो, तळघरातल्या यंत्रावर भार पडतो वीस दिव्यांचा. कार्बनच्या तंतूचे ते दिवे वीज भरपूर खात आणि तापत. झाड तर वाळणारं, राळेने भरलेलं. जवळजवळ अर्धा तास एकशे वीसच्या एकशे वीस दिवे लावून ठेवण्यापेक्षा आळीपाळीने लावणं किती तरी सोयीचं. रंगांची जादू आणि विजेची काटकसर, दोन्ही कामं त्या तांब्याच्या कड्याने केली. कुठलं आधी सुचलं असेल ते सांगता येणार नाही, पण इंजिनिअर माणसाला दुसरं न सुचणं कठीण.

आणि मिश्र रंग? माझी पट्टी फटीपेक्षा रुंद होती. त्यामुळे एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर ती दोन्हींना टेकते आणि दोन माळा एकत्र लागतात. अरुंद पट्टी लावून बघितली तर मध्ये काळोखाचा ठिपका येतो, डोळा मिचकावल्यासारखा. १८८२ च्या वर्णनात दिवे विझून पुन्हा लागतात. १८८४ मध्ये एक रंग दुसऱ्यात मिसळतो. बटणाच्या रुंदीतल्या फरकानेही हा बदल होऊ शकतो. ही शक्यता आहे, निष्कर्ष नव्हे. संचच मिश्र रंगांचे केलेले असू शकतात.

मग आवाज. पत्रा तांब्यावर घासतो, सतत खर्र-खर्र. दोन्ही बातम्यांत आवाजाचा उल्लेख माझ्या वाचनात आलेला नाही. आणि तासाभरात तांब्यावर काळे डाग पडायला लागतात, मग माळ थरथरते, मधेच मंद होते. यंत्र थांबवून बारीक पॉलिश पेपरने पुसलं की पुन्हा नीट. माझ्याकडे बारा व्होल्ट आणि चिमूटभर करंट. जॉन्सनकडे त्या काळचे वीस-वीस दिवे दर वेळी तोडले-जोडले जात होते. ठिणग्या याच्या कितीतरी पट. म्हणजे त्या संध्याकाळी कोणीतरी झाडाच्या पायाशी वाकून पट्ट्या पुसत असणार. आणि तळघरातल्या डायनॅमोला फिरवायला इंजिन लागतं, इंजिनाला माणूस.

या माणसाबद्दल आपल्याला शेजारच्या घरातून कळतं. जॉन्सनच्याच भागात, मॅडिसन अव्हेन्यू आणि छत्तिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जे. पी. मॉर्गन राहायचा. १८८२ मध्येच त्याच्या घरात एडिसनची वीज आली, तीही स्वतःच्या जनित्रावर. तबेल्याखाली तळघर खणून बॉयलर, इंजिन, डायनॅमो बसवले होते. मॉर्गनचा जावई हर्बर्ट सॅटर्ली याने पुढे लिहिलेल्या चरित्रात याचं वर्णन आहे. एक इंजिनिअर रोज दुपारी तीनला कामावर यायचा, वाफ धरायचा, चारनंतर केव्हाही दिवे लावता यायचे. रात्री अकराला त्याची सुट्टी. घरच्यांना घड्याळाचं भान राहायचं नाही, पत्त्यांचा डाव रंगलेला असायचा आणि दिवे मंद होत होत विझायचे. शेजारणीने यंत्राच्या थरथराटाबद्दल तक्रार केली. आणि वाचनालयातल्या टेबलावरच्या दिव्यासाठी आणलेल्या वायरिंगने एकदा पेट घेतला, टेबल आणि गालिचा जळाला. ते बघायला कंपनीकडून कोण आलं? एडवर्ड जॉन्सन.

सॅटर्लीचं पुस्तक सासऱ्याच्या कौतुकाचं आहे, त्याचा हेतू मजुरांचा इतिहास लिहिणं हा नव्हता. पण घरातले दिवे का विझायचे हे सांगताना त्याला तीन ते अकरा ड्युटी करणारा तो माणूस सांगावाच लागला. मला अशा जागा फार मोलाच्या वाटतात. सगळं सुरळीत चालल्याच्या बातमीत माणसं दिसत नाहीत. काही बिघडलं, वेळ संपली, तक्रार आली, की लगेच पडद्यामागचे लोक कागदावर येतात. तुमच्या विषयात संस्थेचे वार्षिक अहवाल वाचत असाल तर ते जरा बाजूला ठेवून दुरुस्तीची बिलं, तक्रारवह्या आणि अपघातांच्या नोंदी कुठे मिळतात ते आधी बघा.

टाइम्सच्या शीर्षकाकडे आता पुन्हा वळू. इलेक्ट्रिशियन बाप मुलांसाठी खेळ करतो. ‘घरी केलेलं’ हा शब्द बातमीत नसला तरी सूर तोच आहे. पण ज्या घराच्या तळघरात कंपनीचा डायनॅमो आहे आणि ज्याचा मालक कंपनीचा अध्यक्ष आहे, तिथलं ‘घरी केलेलं’ म्हणजे काय? दिवे कंपनीच्या कारखान्यात खास फुंकून घेतलेले, वायरिंगला हाताशी कंपनीचे लोक. १८८४ मध्ये सामान्य न्यूयॉर्ककराला हे झाड घरी करून बघायचं म्हटलं असतं तर आधी घरात वीज केंद्र उभारावं लागलं असतं. तरीही ते घरगुती म्हणून दाखवलं, कारण विजेची भीती घरातच घालवायची होती. कारखान्यात वीज चालते हे लोकांना पटलेलं होतं. मुलं झोपतात त्या मजल्यावर ती चालते, हे पटवायचं होतं. आगीची भीती तर मॉर्गनच्या टेबलानंतर खऱ्या अर्थाने घरोघरी पोचण्यासारखी होती.

पुढचं थोडक्यात. तयार जोडलेल्या दिव्यांच्या माळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०३ च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधी हौस असेल त्याने वायरमन बोलवावा लागे. तयार माळ आली आणि फिरती बैठक मागे पडली. न फिरताही झाड उजळतं म्हटल्यावर तांब्याची कडी कोण घासत बसणार? माळांनी दिवे स्वस्त केले, आणि तो सगळा यांत्रिक भाग झाडाच्या बुडाशी वेगळ्या रूपात गेला. जोशुआ लायोनेल कोवेनने १९०१ मध्ये दुकानाच्या काचेत गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला विजेवर फिरणारी छोटी गाडी ठेवली. लोक माल सोडून गाडीच मागायला लागले. त्या गाड्या पुढे अमेरिकेत ख्रिसमसच्या झाडाखाली गोल फिरायला लागल्या. पेनसिल्व्हेनियातल्या मोराव्हियन लोकांत झाडाखाली अख्खं गाव, डोंगर, गोठा मांडायची जुनी रीत होती, तिला ते ‘पुट्झ’ म्हणतात. लाकडी फळ्यांचा मंच, त्यावर शेवाळ, घरं; मग वीज आल्यावर घरांत दिवे आणि भोवती रूळ. आपल्याकडचे दिवाळीतले किल्ले आठवतील. हा भाग मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

फिरती बैठक परतली ती १९५९ नंतर. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक गावच्या ॲल्युमिनियम स्पेशॅलिटी कंपनीने ‘एव्हरग्लीम’ नावाची ॲल्युमिनियमची झाडं काढली. चकचकीत, पण धातूची. त्यावर दिव्यांची माळ सोडायची सोय नाही. एखादी वायर सोललेली निघाली तर अख्खं झाड करंट मारणार. मग उजेड जमिनीवर आला. झाडाच्या शेजारी एक दिवा, त्याच्यापुढे मोटरवर हळूहळू फिरणारी रंगीत काचकागदाची चकती, आणि चांदीच्या झाडावर पाळीपाळीने लाल, निळा, हिरवा, पिवळा. काही घरांत झाडही फिरत्या स्टँडवर. गणपतीमागच्या आपल्या चक्राचं हे जवळचं भावंड. रंग फिरतो, मूर्ती जागेवर. जॉन्सनने बारीक तांब्याच्या पट्ट्यांनी जे केलं ते इथे काचकागदाच्या चकतीने झालं. संपर्क तोडायचा-जोडायचा प्रश्नच उरला नाही, दिवा कायम चालूच.

ज्यांना या झाडावर पुढे काम करायचंय त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. रटगर्स विद्यापीठाने एडिसनची कागदपत्रं ऑनलाइन खुली केली आहेत, जॉन्सनची पत्रंही त्यात आहेत. शोधताना ‘ख्रिसमस’ हा शब्द टाकू नका, फार काही मिळणार नाही. १८८२ ते १८८५ या वर्षांतली स्वतंत्र जनित्रांची कागदपत्रं बघा. एडिसन कंपनी त्या काळात बुलेटिनं छापायची, त्यांत कोणाच्या घरी, कुठल्या गिरणीत किती दिव्यांचं जनित्र बसवलं याच्या याद्या आहेत. छत्तिसाव्या रस्त्यावरचं ते तळघर कधीपासून चालू होतं, हे तिथून शोधायला सुरुवात करायची. तारीख डिसेंबर १८८२ च्या आधीची निघाली तर क्रॉफटच्या तलम तारेचं काय करायचं ते ठरेल. आणि नंतरची निघाली तर १८८२ च्या त्या संध्याकाळी जमिनीखालचा दांडा खरंच विजेवर फिरत होता की खाली कोणी बसून हाताने फिरवत होतं, हाही प्रश्न विचारावा लागेल.